नरक्याची पुडी

नंदुरबार

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, काल फोनवर आवाज चढवला, माझं चुकलं. पण आईच्या कॅन्सरवर म्हणून आणलेली ती नरक्याची पुडी तिला अजून दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर शुक्रवारी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लपवू नका.

पलीकडच्या वाडीतले बुवा थापा मारतात असं मी म्हणत नाही. नरक्याच्या झाडात खरोखरच कॅन्सरवर चालणारं द्रव्य आहे, आणि माझा जीव घाबरतोय तो त्यामुळेच. त्याचं नाव कॅम्प्टोथेसिन. मूळच्या चीनच्या एका झाडातून ते १९६६ साली वेगळं काढलं, आणि आपल्या नरक्यातही ते आहे हे १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. आपल्या रानातल्या नरक्याचे ओंडके रातोरात गाडीत भरून नेतात असं तुम्हीच सांगायचात ना? ते याच्यासाठी.

कॅम्प्टोथेसिन पहिल्यांदा शोधणारे दोघे, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. वाणी मूळचे कुठले? या नंदुरबारचे! जन्म १९२५. मुंबई विद्यापीठात शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. मी इथं बदली झाली म्हणून वर्षभर कुरकुरत होतो. आता बाजारातून जाताना उगाच घरांकडे बघतो.

आई, तुला सलाइनमधून देतात ते पॅक्लिटॅक्सेलसुद्धा याच दोघांचं. वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात ‘यू’ नावाचं झाड असतं, त्याच्या सालीतलं. साल गोळा केली १९६२ मध्ये, रेणूची रचना छापून आली १९७१ मध्ये, आणि स्तनाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत परवानगी मिळाली १९९४ मध्ये. बत्तीस वर्षं! बाबा, तुम्ही विचारलंत, औषध जंगलातलंच आहे तर सरळ जंगलातनं का नको? ही मधली वर्षं गेली ना, म्हणून नको. साल सोलली की झाड मरायचं, आणि ढीगभर सालीतून औषध निघायचं चिमूटभर. ते पाण्यात विरघळेना, म्हणून एरंडेलापासून बनवलेल्या द्रवात कालवावं लागलं. त्या द्रवाची काहींना जोरात रिअॅक्शन येते. आई, आधी झोप आणणारं इंजेक्शन देतात ना, ते त्यासाठी.

नरक्यातल्या द्रव्याचं काय झालं, तेही ऐका. सत्तरच्या दशकात ते जवळपास जसंच्या तसं रोग्यांना टोचून पाहिलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या, काहींना लघवीतून रक्त जाऊ लागलं, आणि चाचण्या बंद कराव्या लागल्या. पुढे रेणूत फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं बनली, त्यांना अमेरिकेत १९९६ मध्ये परवानगी मिळाली. आजही ती देताना दर वेळी रक्त तपासतात. पुडीत किती द्रव्य आहे, हे बुवा कशावरून ठरवणार? एका झाडात जास्त, दुसऱ्यात कमी. गेल्या महिन्यात पेशी कमी झाल्या म्हणून आईचा एक डोस पुढे ढकलला, आठवतंय ना? आता पुडीनं त्या आणखी खाली गेल्या तर डॉक्टर ते पॅक्लिटॅक्सेलच्या खात्यावर टाकतील आणि चालू असलेलं औषधच कमी करतील.

तुम्ही पहाटे उठून चार मैल चालत ती आणलीत, ते कळतंय मला. हात बांधून बसणं तुम्हाला कधी जमलंच नाही.

आई, सुई बोटातून निसटते, मुंग्या येतात म्हणालीस. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नकोस, तेही डॉक्टरांना सांग. हे त्या औषधानं होतं, त्यांना डोस बघावा लागेल. गोधडी राहू दे अर्धी.

मी गुरुवारी येतोय, शुक्रवारी सोबत असेन. बाबा, पुडी परड्यात फेकू नका, गाय तोंड घालेल. फळीवर वरच्या डब्यात ठेवा, आलो की मी बघतो.

तुमचा,
संजू