गवत कापायच्या मशीनबाबत: चौथे आणि माझ्याकडून शेवटचे पत्र

दि. १४ जुलै २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष, आपली सहकारी गृहरचना संस्था, पुणे

विषय: नवीन मशीन खरेदीस हरकत

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात ए-विंगच्या पार्किंगमध्ये धामण निघाली. सर्पमित्र येईपर्यंत पाऊण तास अर्धी सोसायटी जिन्यात उभी होती. धामण बिनविषारी असते हे मी सर्वांना सांगत होतो, कोणी ऐकले नाही, ते असो. मुद्दा असा की मागच्या बाजूचे गवत गुडघ्याच्या वर गेले आहे आणि ते कापायचे मशीन सलग तिसऱ्या पावसाळ्यात पंपरूममध्ये झोपले आहे. दुसऱ्याच दिवशी फलकावर आपली नोटीस लागली, ती अशी: छोटी पेट्रोल इंजिने भरवशाची नसतात, सबब नवीन फोर-स्ट्रोक मशीन घेण्यात येत आहे.

मी ३४ वर्षे चिंचवडच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये काढली आहेत. स्वतःबद्दल सांगायचा स्वभाव नाही, पण 'इंजिन भरवशाचे नाही' हे वाक्य मी त्या काळात कोणाकडून ऐकून घेतले नाही आणि आता फलकावरही वाचून घेणार नाही. इंजिनात काहीही दोष नाही. दोष कॅनमध्ये आहे.

पंपरूमच्या कोपऱ्यात पाच लिटरचा जो निळा कॅन आहे, त्यावर काहीही लिहिलेले नाही. आत साधे पेट्रोल आहे की ऑइल मिसळलेले, हे माळीकाकांना वासावरून ओळखावे लागते. आपले मशीन टू-स्ट्रोक आहे. त्याला वेगळे इंजिन ऑइल नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल हेच त्याचे वंगण. मशीनच्या टाकीवर १:४० असे छापले आहे, म्हणजे लिटरला २५ मिली. आपल्याकडे माप काय? पाण्याच्या बाटलीचे झाकण. लिटरला दोन झाकणे. मी इंजेक्शनच्या सिरिंजने मोजले, एका झाकणात जेमतेम ५ मिली मावते. म्हणजे पिस्टनला निम्म्याहून कमी ऑइल मिळत होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये इंजिन जॅम झाले ते यामुळे. नवा पिस्टन, रिंग, मजुरी मिळून ३,१०० रुपये. मग घाबरून कोणीतरी अर्धा कप ऑइल ओतले, तेही टू-टी (टू-स्ट्रोकसाठीचे ऑइल) नव्हे, एका सभासदाच्या कारच्या सर्व्हिसिंगमधून उरलेले. त्या महिन्यात गवत कमी आणि धूर जास्त निघाला, प्लग काळा पडला, सायलेन्सरची जाळी काजळीने बुजली. मेकॅनिकने मात्र पाहिले न पाहिले आणि सांगितले, 'कार्ब्युरेटर गेला.' कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनात जाणारे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. तो दोनदा बदलला. दोन्ही बिले आपल्याच सहीने मंजूर झालेली आहेत.

आता साठवणीचे. दरवर्षी खंडेनवमीला आपण मशीनला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू वाहतो, नारळ फोडतो. माझा विरोध नाही, आमच्या कारखान्यातही पूजा व्हायची. पण पूजेनंतर मशीन आत जाते ते टाकीत अर्धे पेट्रोल ठेवून, आणि बाहेर येते ते जूनमध्ये. आठ महिने! एवढ्या काळात पेट्रोलचा चिकट थर साचतो, कार्ब्युरेटरमधली केसाएवढी भोके बुजतात, आतला पातळ रबरी पडदा कडक होतो. त्यात आता पंपावर मिळते ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे. अशा बहुतेक हत्यारांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असे लिहिलेले असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि आपल्या पंपरूममध्ये पाण्याला तोटा नाही. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात, पेट्रोल वर राहते, आणि ऑइल त्या वरच्या पेट्रोलबरोबर. मशीनची पेट्रोल ओढायची नळी कुठे असते? तळाला. म्हणजे कोणी प्रामाणिकपणे २५ मिली मोजून घातले असले, तरी इंजिन पिणार बिनतेलाचे पाणी.

जून उजाडला की काय होते हे सर्वांनी गच्चीतून पाहिले आहे. माळीकाका दोरी वीस-पंचवीस वेळा ओढतात, मग मशीन तिरके करतात, मग पुन्हा ओढतात. हा उपाय आपल्या पिढीच्या स्कूटरचा आहे. तिथे कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा असायचा, स्कूटर तिरकी केली की पेट्रोल पुढे सरकायचे. या मशीनचा कार्ब्युरेटर पडद्यावर चालतो. ते आडवे, उभे, उलटे कसेही धरता यावे म्हणूनच तसा बनवलेला असतो. त्याला तिरके करणे म्हणजे बंद दुकानाच्या शटरला नमस्कार करणे. त्याऐवजी प्रायमरचा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओढून घेणारा रबरी फुगा पाच-सहा वेळा दाबायचा, चोक लावायचा. हे मी माळीकाकांना दोनदा सांगितले. 'समितीच्या साहेबांनी असंच सांगितलंय,' म्हणाले.

या साहेबांबद्दल लिहायचे नाही असे ठरवले होते. नावही घेत नाही. ते तळमजल्यावर राहतात, त्यांच्या अंगणाला मेंदीचे कुंपण आहे आणि पंपरूमची किल्ली त्यांच्याकडे असते, एवढ्यावर ओळख पटू नये अशी अपेक्षा आहे. ते कुंपण संस्थेच्या मशीनने कापले जाते. गवताचे मशीन छातीपर्यंत उचलून! पाते मेंदीच्या खोडाला अडकते, इंजिन दम तोडते, क्लच घासतो. हे काम दुपारी अडीचला चालते. आपल्याच नोटिशीप्रमाणे दोन ते चार आवाजाच्या कामांना बंदी आहे. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. गवत कापताना आवाज होतो तो सर्वांच्या हितासाठी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मेंदीच्या आवाजाबद्दल आहे.

मी पहिला अर्ज २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिला, दुसरा २०२४ च्या जूनमध्ये, तिसरा दसऱ्याआधी, 'कृपया टाकी रिकामी करून मशीन ठेवावे' एवढ्या एकाच ओळीचा. त्याला आपण व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवलात. तो होकाराचा अंगठा होता की ठेंगा, हे मला नऊ महिन्यांत कळलेले नाही.

समितीच्या बैठकीत 'सी-४०२ वाल्यांनीच मशीन उघडून बिघडवले' असे कोणी म्हणाल्याचे कानावर आले. खुलासा करतो. मागच्या वर्षी मी कार्ब्युरेटर उघडून साफ केला, माझ्या खर्चाने, माझ्या पेट्रोलने. जोडल्यावर एक बारीक स्प्रिंग उरली. ती मी पाकिटात घालून कार्यालयात जमा केली, पोच माझ्याकडे आहे. नंतर मशीनमधून पेट्रोल गळू लागले याचा त्या स्प्रिंगशी संबंध जोडणे घाईचे ठरेल.

फोर-स्ट्रोक मशीन वाईट नाही. धूर कमी, आवाज थोडा मऊ, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही. पण त्याच्या पोटात ऑइल मावते किती? औषधाच्या छोट्या बाटलीएवढे, १०० मिलीच्या आसपास. ते दर वेळी तपासावे लागते, साधारण दर ५० तासांनी बदलावे लागते. जिथे लिटरला २५ मिली मोजले गेले नाही, तिथे हे कोण पाहणार? आणि त्यात पेट्रोल जाणार त्याच निळ्या कॅनमधून. डी-विंगच्या तरुण मंडळींनी बॅटरीचे मशीन सुचवले आहे. माझा मुलगा कॅलिफोर्नियात असतो, तिथे तर २०२४ पासून नव्याने बनवलेली अशी बहुतेक पेट्रोल हत्यारे विकायलाच बंदी आली. पण तिथे गवत आपल्यासारखे चार महिने ओले नसते. तो विषय वेगळा, त्यावर वेगळे पत्र देईन.

माझ्या या मतांना जिन्यात भेटलेल्या नऊ सभासदांचा पाठिंबा आहे. त्यातले दोघे भाडेकरू आहेत, पण धामण त्यांनाही दिसली. बी-विंगच्या काकूंनी तर 'तुम्ही आहात म्हणून' असे शब्द वापरले.

मागण्या फार नाहीत. दोन कॅन घ्यावेत, एक लाल एक पांढरा, वर ठळक अक्षरांत लिहावे. औषधाचे माप घ्यावे, १५ रुपयांना मिळते. महिन्याहून जुने मिश्रण मशीनमध्ये घालू नये. यंदा हार घालण्याआधी टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. पंपरूमची किल्ली मेंदी नसलेल्या सभासदाकडे द्यावी, मी नाही म्हणणार नाही. तीन वर्षांतले मेंदीचे पेट्रोल संबंधितांकडून वसूल करावे, आकडा मी काढून देईन. आणि खरेदीचा निर्णय झाला त्या बैठकीचे इतिवृत्त महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ अन्वये मला पाहायला मिळावे. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागेल, तोपर्यंत थांबायची माझी तयारी आहे. गवताची नसावी.

आपला विश्वासू,
सी-४०२

ता. क. काल माळीकाकांसमक्ष टाकीतले पेट्रोल मी काचेच्या बरणीत काढले. वर ऑइलच्या रंगाचे पेट्रोल आणि खाली बोटभर फिकट, पाणचट थर स्पष्ट दिसतो. बरणी कार्यालयाच्या खिडकीत ठेवणार होतो, पण पेट्रोल आहे म्हणून फोटो जोडला आहे. बरणी लिंबाच्या लोणच्याची होती. सौ. आता ती घरात घ्यायला तयार नाही, तरी तिचे ८० रुपये संस्थेने द्यावेत.