25 डॉलरच्या चिपमागचं गणित

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतल्या कमोडोर या अमेरिकन संगणक कंपनीवरच्या लेखात, एमओएस टेक्नॉलॉजी या चिप कारखान्याने 1975 मध्ये 6502 ही प्रोसेसर चिप 25 डॉलरला विकली ती तोटा सोसून, असा सूर आहे. तोटा कसला? स्वस्ताईचं मूळ मास्कमध्ये होतं. मास्क म्हणजे चिपचा आराखडा असलेली काच; तिच्यातून प्रकाश टाकून सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, चिपची प्रतिमा पाडतात. तेव्हा मास्क थेट वेफरवर टेकवत. त्याला ओरखडे पडत आणि प्रत्येक ओरखडा पुढच्या वेफरवर उमटे. दहातल्या सात चिप बाद जाणं नेहमीचंच. एमओएसने मास्क न टेकवता आरशांनी प्रतिमा पाडणारं यंत्र वापरलं, शिवाय मास्कमधले दोष दुरुस्त करण्याची हातोटी कमावली. मग दहातल्या सात चालू निघू लागल्या. (प्रदर्शनावेळी विक्रीला चिप भरून मांडलेल्या बरणीत फक्त वरच्या चिप चालणाऱ्या होत्या, हे मात्र 6502 घडवणाऱ्या चमूचे प्रमुख चक पेडल यांनीच नंतर सांगितलं!)

मोटोरोलाने एमओएसवर भरलेला खटला, त्यापायी 6501 ही जोडीची चिप मागे घेणं, दोन लाख डॉलरची तडजोड हे लेखात नीट आलं आहे. निसटलं ते कमोडोरने 1976 मध्ये एमओएस विकत घेतली त्याचं कारण. कमोडोर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिप घेऊन कॅल्क्युलेटर विकत होती. टेक्सासने स्वतःच स्वस्त कॅल्क्युलेटर बाजारात उतरवले आणि गिऱ्हाइकाचाच गळा आवळला. म्हणून कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल यांना चिप घरचीच हवी होती. 1977 चा पेट आणि 1982 चा कमोडोर 64 हे संगणक त्यातूनच आले. पुढे मात्र घरच्या कारखान्यात पैसा घालायला कंपनीने हात आखडता घेतला. 1992 च्या अमिगा 1200 या संगणकातली ‘लिसा’ ही चित्र दाखवणारी चिप सीमॉस या नव्या पद्धतीची होती, ती एचपी (ह्यूलेट-पॅकार्ड) कंपनीकडून करून घ्यावी लागली. एप्रिल 1994 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला.

जुन्या बाजारात कमोडोर 64 हाती लागलाच, तर हा इतिहास बोर्डावरच वाचता येतो. चिपवर 4383 असेल तर ती 1983 च्या 43 व्या आठवड्यातली. आधीच्या चिपवर एमओएस, ऐंशीच्या दशकाअखेरच्या चिपवर सीएसजी, म्हणजे कमोडोर सेमीकंडक्टर ग्रुप.

लेखात लगेच प्लग लावा असं म्हटलं असलं, तरी तसं मात्र करू नका. अमेरिकन अडॅप्टर आपल्या 230 व्होल्टवर जळेल. युरोपातला असला तरी आधी मल्टिमीटर लावा. 5 व्होल्टची पिन 5.2 च्या वर दाखवत असेल तर तो बाजूला ठेवा. आतला रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) बिघडला की व्होल्टेज चढतं आणि आधी रॅमच्या चिप जातात. बहुतेक अडॅप्टरमध्ये रेझिन ओतलेलं असतं, तो उघडत बसण्यापेक्षा नवा करून घ्यावा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे