तुर्भ्याच्या टिपरचा फिल्टर कापू नकोस

पर्थ, ऑस्ट्रेलिया

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर अर्ध्या गोष्टी राहून जातात, म्हणून सगळं लिहूनच पाठवतो. फिटरला वाचून दाखव. आधी मुख्य सांगणं: डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, कापू नकोस. मिस्त्री आतली जाळी काढून रिकामा डबा वेल्ड करून देतो म्हणतोय. त्याने फिल्टर भरल्याचा डॅशबोर्डवरचा दिवा विझेल, पण एवढी काजळी का होते ते कोणी बघणार नाही.

काजळी आपोआप जळायला एक्झॉस्ट निदान अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापावा लागतो. गाडी स्वतः रिजन घेते, म्हणजे जादा डिझेल जाळून फिल्टरमधली काजळी पेटवते, तेव्हा फिल्टरमध्ये साडेपाचशे-सहाशे अंश लागतात. क्रशरच्या रांगेत गाडी अर्धा तास न्यूट्रलला उभी असली तर तापमान दीडशेच्या आसपासच राहतं. भरलेली गाडी चढावर तापते आणि रांगेत येऊन परत गार होते. त्यात रिजन चालू असतानाच ड्रायव्हर चावी काढतो. काही इंजिनांत रिजनचं जादा डिझेल सिलिंडरमध्येच सोडतात. असं रिजन वारंवार अर्धवट राहिलं की ते डिझेल रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून रोज सकाळी डिपस्टिक बघायला लाव. ऑइल कमी झालंय का हे सगळेच बघतात, इथे ते वाढलंय का हेही बघायचं. वरच्या खुणेच्या पुढे गेलं आणि डिझेलचा वास आला तर त्याच दिवशी बदल, नाहीतर बेअरिंग जातील.

दिवा लागला की दोन दिवस ढकलू नकोस. गाडी रिकामी करून मोकळ्या जागी लाव. खाली सुकं गवत नको, जवळ डिझेलचे ड्रम किंवा ताडपत्री नको, शेडखाली तर मुळीच नको. हँडब्रेक, न्यूट्रल, पीटीओ (हौदा उचलायचा पंप चालवणारी जोड) बंद, आणि मग रिजनचं बटण. अर्धा ते पाऊण तास लागतो. तोवर सायलेन्सरच्या तोंडाजवळ कोणाला फिरकू देऊ नकोस. झाल्यावर चार-पाच मिनिटं रिकाम्या रेसवर ठेवून टर्बो गार होऊ दे, मगच चावी काढ. स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) काजळी हद्दीबाहेर दाखवत असेल तर मात्र जबरदस्तीने रिजन करू नये. एवढी काजळी एकदम पेटली की आतली सिरॅमिक जाळी तडकते, वितळतेसुद्धा. तेव्हा फिल्टर काढून भट्टीतच साफ करायचा.

काजळी आणि राख यांतला फरक फिटरला नीट समजावून सांग, घोळ तिथेच होतो. काजळी जळून जाते. राख इंजिन ऑइलमधल्या रसायनांची, ती कितीही तापवली तरी जात नाही. म्हणून ऑइल सीके-४ दर्जाचं (कमी राख होणारं) किंवा कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाल. रिजन पुरं होऊनही थोड्याच दिवसांत दिवा परत लागत असेल तर राख भरल्याची शंका घ्यावी. ती काढायची ती भट्टी आणि उलट्या दिशेच्या हवेने. सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशरच्या पाण्याने धुतलं तर जाळीची वाट लागते. परत बसवताना गॅस्केट नवं घाल, फिल्टरवरचा बाण एक्झॉस्ट वाहतो त्या दिशेला ठेव आणि स्कॅनरवर राखेची नोंद शून्यावर आणून घे. हे शेवटचं बरेच जण विसरतात. मग साफ फिल्टरलाही गाडी भरलेलाच समजते.

फिल्टर उतरवण्याआधी चार गोष्टी तपासा. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून डीपीएफच्या दाबाचा आकडा बघा. तो शून्याच्या जवळ नसेल तर आधी सेन्सरवर शंका घ्या, फिल्टरवर नव्हे. त्या सेन्सरच्या दोन नळ्या उष्णतेने चिरतात, तुंबतात, कधी उलटसुलट जोडलेल्या असतात. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज आणि क्लॅम्प. हवा गळली की काजळी वाढलीच. खदानीच्या धुळीत एअर फिल्टरही लवकर तुंबतो. त्याचा आतला फिल्टर हवा मारून परत घालू नका, नवाच घ्या. शेवटी सायलेन्सरच्या तोंडात आतून पांढरं फडकं फिरव. चांगल्या डीपीएफच्या मागे ते जवळजवळ स्वच्छ निघतं. काळं आलं तर जाळी फुटली आहे.

साइटवरच्या ड्रममधलं स्वस्त डिझेल बंद कर. बीएस-६ च्या डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) असतं, भेसळीत किती ते देव जाणे. धूर साफ करायला वेगळ्या टाकीत घालतात तो युरिया सावलीत ठेव आणि डिझेलच्या नरसाळ्याने ओतू नकोस.

आठवड्यातून एकदा प्रत्येक टिपर भरून सायन-पनवेल रस्त्याने लांब खेपेला पाठव, रात्री रस्ता मोकळा असताना, चाळीस मिनिटं तरी एका चालीने. रांगेत पाच मिनिटांहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद, फक्त रिजन चालू असेल तेव्हा नाही.

कापण्याबद्दल एवढंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार चालत नाही. शिवाय २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो असं जाहीर केलं. क्रशरपाशी तुझी पोरं दहा-दहा तास त्याच हवेत असतात, मला त्यांची काळजी वाटते.

दाबाचे दोन आकडे, एक इंजिन बंद असताना आणि एक पूर्ण रेसवर, आणि डिपस्टिकचा फोटो पाठव. त्यावरून पुढचं सांगतो. आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा