रिकाम्या मैदानातला कार्यक्रम

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

तू ताईच्या मोबाईलवर पाठवलेल्या तिकिटावर पिंक फ्लॉइड या इंग्लंडच्या बँडचा पाँपेईचा, म्हणजे इटलीतल्या जुन्या रोमन शहराच्या अवशेषांत वाजवल्याचा, सिनेमा पाहून आलो. फोनवर नुसतं "आवडला" म्हणालो, कारण ताईकडे सगळे ऐकत होते आणि मला बोलायचं होतं ते लाइटचं.

थेटरात आम्ही मोजून अकरा माणसं. पडद्यावर चौघं वाजवणारे, थोडी कामाची माणसं आणि भोवती रोमन काळच्या खेळाच्या मैदानाच्या रिकाम्या दगडी पायऱ्या. तिथे वीसेक हजार लोक बसायचे म्हणे. इ.स. ५९ मध्ये तिथे दोन गावांत अशी मारामारी झाली की रोमच्या सिनेटने दहा वर्षं खेळच बंद केले. मला आपल्या जत्रेतल्या कुस्त्या आठवल्या.

पण लोकच न बोलावता कार्यक्रम? आपल्या साउंड-लाइटच्या धंद्यात माणसं आली नाहीत म्हणजे पार्टी पैसे बुडवणार. मग कळलं, १९७१च्या उन्हाळ्यात दिग्दर्शक एड्रियन मेबेनचा पासपोर्ट त्या अवशेषांत हरवला, संध्याकाळी तो शोधायला परत गेला आणि तिथल्या शांततेत त्याला हे सुचलं. हे मात्र पटलं. कार्यक्रम उठल्यावर वायर गुंडाळताना मैदान कसं वाटतं ते तुला ठाऊक आहे. कर्णे उतरवायला झोपेतून उठवायचो तुला.

आता लाइटचं. ऑक्टोबरात लंडनहून ट्रक भरून सामान आलं आणि जागेवर वीजच पुरेना! शेवटी नगरपालिकेच्या इमारतीतून गावातल्या रस्त्यांवरून केबल ओढली. यात दिवस गेले, शूटिंगला चारच उरले. एवढ्या लांबीवर व्होल्टेज किती पडलं असेल? त्या टोकाला बोर्डापाशी कुणाला बसवलं होतं? शाळेच्या मेन बोर्डवरून लाइट घेतली की माझं निम्मं लक्ष तिकडेच असायचं, तसं त्यांच्यातल्याही कुणाचं असणार. तो माणूस काही दाखवला नाही.

त्यांच्या पेट्यांवर मागून 'पिंक फ्लॉइड, लंडन' असं छापलंय. तू रंगवलेल्या आपल्या पेटीवरच्या 'साउंड'ला अनुस्वार अजून नाही.

एका गाण्यात ड्रमवाल्या निक मेसनची काठी हातातून उडते आणि तो ठेका न सोडता दुसरी उचलतो. त्या गाण्यात बहुतेक तोच दिसतो, बाकीची रिळं म्हणे हरवली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कुत्र्याला माईकपुढे ओरडायला लावलंय ते मात्र नको होतं. तो भाग पॅरिसच्या स्टुडिओतला, पाँपेईचा नाहीच. स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने नव्याने मिक्स केलेला आवाज छातीत बसतो, पण कान दुखत नाहीत. आपल्याला हे कधी साधलं नाही, खरं बोलायचं तर आपण प्रयत्नही केला नाही.

तू स्टुडिओत लागलास तेव्हा मी म्हणालो होतो, "समोर माणूसच नाही तर वाजवायचं कुणासाठी?" सिनेमाभर ते आठवत राहिलं.

माळ्यावर शंभर मीटर केबल पडून आहे. उपयोगाची असेल तर कळव. आई एसटीने लोणचं पाठवणार आहे, त्याच बोचक्यात घालतो.

तुझे,
अण्णा