नुसता दंड वाढवून भागेल?

महोदय,
नवशिक्या चालकांचे अपघात वाढले की दंड वाढवण्याची मागणी हमखास होते. मला ती अपुरी वाटते. कोवळ्या वयाच्या चालकाचा धोका रात्री वाढतो आणि गाडीत मित्रमंडळी असली की आणखी वाढतो. म्हणूनच न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचा परवाना आणला. आधी जाणत्या चालकाच्या देखरेखीखाली सराव, मग एकट्याने चालवण्याची मुभा, पण रात्री १० ते पहाटे ५ बंदी, शेवटी पूर्ण परवाना. अमेरिकेत फ्लोरिडाने १९९६ मध्ये हीच वाट धरली. राज्यांच्या कायद्यांत सरावाचे किमान तासही सक्तीचे हवेत. (ते कागदोपत्री भरले जाणार नाहीत, हे कोण पाहणार?) शिवाय विद्यार्थी चढ-उतार करत असताना स्कूलबसमागे थांबण्याचा नियम चालक परीक्षेत रस्त्यावरच तपासावा.
– एक वाचक