व्यावसायिक यॉटला भारतीय ध्वज सोयीचा व्हावा

महोदय,

यॉट (सहलीची आलिशान नौका) म्हणजे धनिकांची हौस, अशी समजूत असल्याने तिच्या नोंदणीचा प्रश्न सहसा चर्चेत येत नाही. मात्र यॉट भाड्याने दिली जाऊ लागली की तिच्यावर खलाशांची, मेकॅनिकची, स्वयंपाक्याची रोजीरोटी अवलंबून असते, आणि खोल समुद्रात त्यांना प्रामुख्याने त्याच देशाचा कायदा लागू होतो, ज्याचा ध्वज तिच्यावर असतो, म्हणजेच जिथे तिची नोंदणी असते.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बारापेक्षा अधिक प्रवासी नेणारे जहाज ‘प्रवासी जहाज’ ठरते व त्याचे निकष साहजिकच कडक असतात. हे ओळखून ब्रिटन आणि केमन बेटांसारख्या प्रदेशांनी २४ मीटर व त्याहून लांब, पण बारापर्यंतच प्रवासी नेणाऱ्या यॉटसाठी स्वतंत्र संहिता (नियमावली) केली. माल्टानेही तेच केले. मग मालकांचा ओढा तिकडे असल्यास नवल ते काय? (देशप्रेमाची अपेक्षा त्यांच्याकडून करण्यात अर्थ नाही.)

आपल्याकडे नोंदणीसाठी सर्वेक्षकाने टनभार (जहाजाच्या आतील जागेचे माप) मोजायचा, मुख्य तुळईवर अधिकृत क्रमांक कोरायचा, नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) दोन्ही बाजूंना नाव आणि मागे नावासह नोंदणीचे बंदर लिहायचे, ही पद्धत मालवाहू जहाजांना धरून घडली आहे. १९५८ चा मर्चंट शिपिंग (व्यापारी नौवहन) कायदा जहाजाची संपूर्ण मालकी भारतीय असावी, असे सांगत होता. २०२५ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने ही अट सैल केली, हे स्वागतार्हच. आता नौवहन महासंचालनालयाने भाड्याच्या यॉटसाठी लागणारी कागदपत्रे, शुल्क आणि सर्वेक्षणाची मुदत एकाच मराठी-इंग्रजी पुस्तिकेत द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, अलिबाग