सफाईत काठचे नळ-गवत उपटू नका

महोदय,
नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरले, तरी तिथल्या काठावरच्या हिरवळीला आपण सरसकट 'गवत' म्हणतो. सफाई निघाली की जलपर्णीबरोबर तीही उपटावी, असे अनेकांना वाटते. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, नळ इथलाच. पोकळ, पेरांचा नळ म्हणजे फ्रॅग्माइटिस कार्का हे खरे गवत, ज्वारी-उसाच्या कुळातले. लव्हाळ्याचा दांडा बोटांत फिरवा, तीन कडा लागतात. ते मोथ्याचे कूळ. पाणकणसाचे तिसरेच. जांभळी पाणकोंबडी याच दाटीत घरटे बांधते. पाणकणीस माजले तर जरूर विरळ करावे, पण यंत्राने काठ खरवडू नये. पक्ष्यांच्या फलकांशेजारी या वनस्पतींची नावेही कुळासह लावावीत.
- एक वाचक, नाशिक